जुना स्विस ऑटो: घ्यावा का, तपासावा कसा, चालवावा कसा?

कॅमवर, म्हणजे हालचाली ठरवणाऱ्या आकार दिलेल्या चकत्यांवर, चालणाऱ्या जुन्या ऑटोमॅटिक लेथबद्दल बरीच पत्रं आली. त्यातले सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि ज्यात खरी मेख आहे त्यांना जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : ७ मि.मी. क्षमतेचा एक जुना स्विस ऑटो विक्रीला आहे. त्याचा हेडस्टॉकच (बार पकडून फिरवणारा भाग) पुढे-मागे सरकतो. घट्ट बसवायचा राहिलाय, की मशीन बिघडलंय?

उत्तर : बिघडलेलं नाही. तो सरकतो म्हणूनच त्याला स्विस ऑटो म्हणतात. साध्या लेथमध्ये जॉब (घडवायचा तुकडा) जागेवर फिरतो आणि टूल त्याच्या लांबीभर चालतं. इथे टूल जागेवर असतं. फिरता बार हेडस्टॉकसकट पुढे सरकतो आणि टूलच्या अगदी अलीकडे बसवलेल्या गाइड बुशमधून, म्हणजे आधार देणाऱ्या छोट्या नळीतून, बाहेर येतो. टूलची धार बुशच्या तोंडापासून जेमतेम एक-दीड मि.मी.वर असते.

फायदा आकड्यांत पाहा. आधाराबाहेर आलेला बार टूलच्या दाबानं किती वाकतो, हे बाहेरच्या लांबीच्या घनावर अवलंबून असतं. २ मि.मी. जाडीचा बार ३० मि.मी. बाहेर काढून टोकाशी कापला, तर १.५ मि.मी. बाहेर असताना जेवढा वाकेल त्याच्या ८००० पट वाकेल. म्हणून साध्या लेथवर व्यासाच्या तीन-चार पटींपुढे आधार न देता जायचं नसतं, आणि स्विस ऑटो मात्र दाभणासारखा बारीक लांब जॉब एका पासमध्ये काढून देतो.

हे तंत्र १८७० च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये घड्याळांचे स्क्रू आणि आस करण्यासाठी निघालं. पुढे ज्यूरा डोंगरातलं मूतिए हे गाव या मशीनचं माहेर झालं. टोर्नोस, बेशलर आणि पीटरमन हे तिन्ही कारखाने तिथलेच. त्याच सुमारास अमेरिकेत ख्रिस्तोफर स्पेन्सरनं स्थिर हेडस्टॉकचा ऑटोमॅटिक स्क्रू लेथ केला. त्यात कॅमच्या पट्ट्या बसवलेलं चाक टूलना हुकूम देत असे. १८७३ च्या पेटंटमध्ये नेमकं तेच चाक सुरक्षित करायचं राहून गेलं, आणि ती कल्पना सगळ्यांना मोकळी मिळाली. स्थिर हेडस्टॉकचं घराणं वेगळं, त्यात ब्राउन अँड शार्प आणि ट्रॉब येतात. आखूड, जाड जॉबला ते सरस ठरतं.

मॉडेलच्या नावातला आकडा बहुतेक वेळा बारचा कमाल व्यास सांगतो. टोर्नोस एम-४, एम-७ आणि आर-१० म्हणजे ४, ७ आणि १० मि.मी. ट्रॉब ए-२५ म्हणजे २५ मि.मी. तुमच्या मशीनमध्ये ७ च्या वरचा बार जाणार नाही, हे आधी मनात पक्कं करा.

एक मर्यादाही लक्षात ठेवा. बारीक केलेला भाग बुशच्या बाहेर गेला की त्याला पुन्हा आत घेऊन दुसरा पास घेता येत नाही, कारण बारीक झालेल्या भागाला बुशचा आधारच उरत नाही. जे कापायचं ते पहिल्या फेरीतच.

प्रश्न : घेण्याआधी नेमकं काय तपासायचं? विकणारा मशीन चालू करून दाखवतो, आवाज गोड येतो. तेवढं पुरेसं आहे का?

उत्तर : नाही. रिकामं मशीन नेहमीच गोड वाजतं. सोबत एक मायक्रॉनपर्यंत (मि.मी.चा हजारावा भाग) दाखवणारा सुईचा डायल, मॅग्नेटिक स्टँड, लाकडी दांडकं आणि ग्राइंड केलेला एक सरळ बार घेऊन जा.

आधी वीज बंद करून हँडलनं कॅमशाफ्ट (कॅम बसवलेला दांडा) एक पूर्ण फेरी हातानं फिरवा. हात सगळीकडे सारखा जड लागायला हवा. कुठे धक्का लागला किंवा अचानक हलकं झालं, तर तो कोन खडूनं लिहून ठेवा. आता वर्म (कॅमशाफ्ट फिरवणारा स्क्रू) आणि वर्मव्हील (त्याचं दातेरी चाक) यांतला प्ले, म्हणजे मोकळी हालचाल, किमान सहा ठिकाणी पाहा. या मशीनवर कापण्याचा जोर दर फेरीला त्याच कोनात येतो, म्हणून वर्मव्हील एकाच पट्ट्यात झिजतं. विकणारा नेमका चांगला पट्टा दाखवतो. त्याचा हेतू वाईट असतो असं नाही, मशीन थांबतं तेव्हा बहुधा तोच कोन समोर येतो.

मग स्पिंडल, म्हणजे बार फिरवणारा मुख्य दांडा. कॉलेट (बार पकडणारी चिरलेली नळी) काढा, आतला टेपर (निमुळतं भोक) पुसा आणि त्यावर डायल लावून स्पिंडल हातानं फिरवा. २ ते ३ मायक्रॉन उत्तम. ५ च्या वर गेलं तर बेअरिंग किंवा टेपर यातलं काहीतरी गेलंय. टेपरवर चिप चिकटलेली असू शकते, म्हणून एकदा पुन्हा पुसून बघा. स्पिंडलच्या तोंडावर डायल ठेवून दांडक्यानं पुढे-मागे दाबा. सुई हलून परत आपल्या जागी आली तर तो लवचीकपणा. हलून तिथेच राहिली तर तो प्ले. शेवटी सर्वांत वरच्या गतीवर अर्धा तास चालवा. बेअरिंगच्या जागी हात ठेवता आला पाहिजे.

हेडस्टॉकच्या स्लाइडवर जास्तीत जास्त मशीन नापास होतात. वर्षानुवर्षं तोच छोटा जॉब केला असेल, तर हेडस्टॉक त्याच १०-१५ मि.मी.त लाखो वेळा गेलेला असतो. स्लाइड तिथेच खोलगट होते आणि दोन्ही टोकं नव्यासारखी राहतात. कॅमच्या लिव्हरपासून हेडस्टॉक मोकळा करा आणि हातानं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवा. मधे सैल आणि टोकाला घट्ट लागला, तर गिब (स्लाइडचा सैलपणा काढायची पट्टी) आवळून उपयोग नाही. मधे नीट बसवला की टोकाला अडकेल, टोकाला मोकळा केला की मधे डुलेल. उपाय एकच, स्लाइड पुन्हा स्क्रेप करणं, म्हणजे हातानं खरवडून सपाट करणं, आणि ते हातकाम स्वस्त नसतं. स्लाइडच्या उघड्या भागावर चंद्रकोरीसारखे चमकदार ठसे दिसले म्हणून भुलू नका. ते वरची नक्षी म्हणूनही मारता येतात. खरं स्क्रेपिंग एकमेकांवर घासणाऱ्या पृष्ठभागांवर असतं आणि निळा रंग लावून घासल्यावरच कळतं.

गाइड बुशचा होल्डर स्पिंडलशी एका रेषेत आहे का, हे पाहायला डायल स्पिंडलच्या कॉलेटमध्ये धरा आणि त्याची सुई होल्डरच्या बोरमध्ये फिरवा. ५ मायक्रॉनच्या आत असेल तर डोकं शांत ठेवून घ्या. ही रेष चुकलेली असली की बार फिरताना बुशमध्ये वाकत राहतो, बुश एका बाजूनं झिजतो, आणि तुम्ही उगाच टूलला दोष देत बसता.

शेवटी रॉकर, म्हणजे दोन टूल धरणारी डुलणारी दांडी, आणि वरचे पंख्यासारखे मांडलेले टूलहोल्डर. प्रत्येकाच्या टोकाला डायल लावून हातानं उचला आणि सोडा. दहा वेळा सोडल्यावर सुई दर वेळी २ मायक्रॉनच्या आत त्याच जागी आली पाहिजे. येत नसेल तर पिव्हट (ज्यावर ते डुलतं तो आस) झिजलंय किंवा स्प्रिंग थकलंय. स्प्रिंग फुटकळ गोष्ट, पिव्हट नाही. कॅमवर घासणारी लिव्हरची टोकं भिंगातून पाहा. ती गोलसर हवीत. घासून सपाट झाली असतील तर कॅमच्या पायरीवर टूल उशिरा उतरतं आणि मापात कोपरे गोल येतात. ही टोकं बदलता येतात, पण किंमत ठरवताना ती मोजायला हवीत.

प्रश्न : एकाच मॉडेलची दोन मशीन आहेत. एक रंगानं चकाचक पण एकटं, दुसरं काळंकुट्ट पण दोन पेट्या सामानासह. किंमत जवळजवळ सारखी आहे. कोणतं घ्यावं?

उत्तर : तपासणीत दोन्ही सारखी उतरली, तर डोळे मिटून पेट्या असलेलं घ्या. जुन्या ऑटोची किंमत ओतीव लोखंडात नसते, सोबत येणाऱ्या सामानात असते. नुसतं मशीन म्हणजे तंबोऱ्याचा भोपळा, तारा नाहीत.

पेट्यांत काय शोधायचं? आधी चेंज गिअर, म्हणजे गती बदलायची सुटी दातेरी चाकं. यांच्यावरच कॅमशाफ्टची गती, म्हणजे दर मिनिटाला किती नग निघणार, ते ठरतं. एक जरी चाक कमी असेल तर मधल्या काही गती कायमच्या गेल्या. दात मोजा आणि मशीनवरच्या तक्त्याशी ताडून बघा. त्यानंतर कॉलेट आणि गाइड बुश. दोन्हीचे व्यास जुळणारे हवेत. ३ मि.मी.चं कॉलेट आहे पण ३ चा बुश नाही, तर तो जोड अर्धाच. कार्बाइड बुश असतील तर चांगलंच, पण त्यांच्या तोंडाला टवका आहे का ते बघा, पितळेच्या बारवर त्याचा ओरखडा लगेच उमटतो.

तिसरी गोष्ट जोडसाहित्य. आटे पाडायची आणि भोक पाडायची स्पिंडल, स्क्रूच्या डोक्यात खाच पाडणारी अटॅचमेंट, आणि कापलेला नग पकडून तिकडे नेणारा हात. हे नंतर सुटं मिळवायला गेलात तर ते दुसऱ्याच मॉडेलचं निघतं किंवा कुणाच्या तरी कपाटात अडकलेलं असतं. बार ज्यात राहतो ती नळी आणि बारला पुढे ढकलणारं वजन व दोरीही विसरू नका. मशीन हलवताना लोक नळी भंगारात टाकतात.

आणि कॅम. दुसऱ्या कुणाच्या जॉबचे कॅम तुमच्या उपयोगाचे नाहीत असं वाटेल, ते निम्मं खरं आहे. त्यांच्यासोबत हिशोबाचे कागद असतील तर ते जपून ठेवा. कोणत्या लिव्हरला कोणतं गुणोत्तर, कोणत्या कोनात काय घडतं, हे त्या कागदांवरून एका संध्याकाळी समजतं. नाहीतर तेच मशीनवर प्रयोग करत आठवडाभर शोधावं लागतं. कोरे कॅम मिळाले तर सोन्याहून पिवळं.

रंगाची चिंता करू नका. जुन्या रंगात शिसं असण्याची शक्यता खरी आहे, म्हणून तो सँडपेपरनं कोरडा घासू नका आणि सँडब्लास्ट तर करूच नका. वाळूचा एक कण स्लाइडमध्ये राहिला तरी वर्षभराची झीज महिन्यात करतो. नावाची पाटी आणि गतीचा तक्ता रंगाखाली गाडलेला असेल, तर तेवढाच नीट साफ करा.

प्रश्न : मशीन किती नग देईल, हे कॅमवरून कसं काढायचं?

उत्तर : कॅमशाफ्टची एक फेरी म्हणजे एक नग, हे सूत्र धरा. बाकी सगळा हिशोब स्पिंडलच्या फेऱ्यांत करायचा, सेकंदांत नाही.

समजा पितळेचा ४ मि.मी. बार आहे आणि ९ मि.मी. लांबीची सरळ पिन काढायची आहे. स्पिंडल मिनिटाला ६००० फेऱ्यांवर लावलं. कापण्याचा वेग झाला ३.१४ × ४ × ६००० ÷ १०००, म्हणजे मिनिटाला साधारण ७५ मीटर. शिसं घातलेल्या फ्री-कटिंग पितळेला हा आरामाचा वेग आहे.

आता प्रत्येक कामाला किती फेऱ्या लागतात ते काढा. ९ मि.मी. लांबी दर फेरीला ०.०३ मि.मी.नं (हा फीड) कापली तर ३०० फेऱ्या. कोपऱ्याचा चेम्फर (तिरका काप) ०.२ मि.मी., दर फेरीला ०.०२ नं, म्हणजे १० फेऱ्या. नग कापून वेगळा करणाऱ्या पार्टिंग टूलला २ मि.मी. त्रिज्या आणि सेंटरच्या पुढे ०.२ जायचं, म्हणजे २.२ मि.मी. ०.०२ नं ११० फेऱ्या. एकूण ४२०.

कॅमच्या ३६० अंशांपैकी काही अंश न कापता जातात. कॉलेट उघडणं, हेडस्टॉक मागे येणं, कॉलेट मिटणं, टूल जवळ येणं, यांना मिळून १२० अंश लागले असं धरा. कापायला २४० उरले. एका अंशाला ४२० ÷ २४० म्हणजे १.७५ फेऱ्या. पूर्ण कॅमला ६३० फेऱ्या. ६००० ला ६३० नं भागलं तर मिनिटाला साडेनऊ नग. त्याच हिशोबानं हेडस्टॉकच्या कॅमवर ९ मि.मी.चा चढ १७१ अंशांत काढायचा, पार्टिंगला ६३ आणि चेम्फरला ६.

इथे नवखा माणूस काय करतो? फीड वाढवतो आणि टूल लवकर मारतो. अनुभवी सेटर आधी ते रिकामे १२० अंश पाहतो. त्यातले २० वाचवले तर पूर्ण कॅम ५८२ फेऱ्यांत होतो आणि नग सव्वादहावर जातात, टूलवर काडीचाही जास्त भार न पडता. चेम्फरचं टूल पार्टिंग चालू असतानाच येऊ शकत असेल तर तेही त्यात मिसळतं. मात्र चढ फार उभा केला तर लिव्हर कॅमवरून उडी मारते, खट्ट असा आवाज येतो आणि जॉबवर रेघ उमटते. हेडस्टॉक जड असतो, त्यामुळे त्याच्या परतीच्या उतारावर हे आधी दिसतं.

बारचाही हिशोब धरा. पार्टिंग टूल १ मि.मी. रुंद असेल तर एका नगाला १० मि.मी. लागतात. ३ मीटरच्या बारचं शेवटचं १०० मि.मी. टोक वाया गेलं तर २९० नग, म्हणजे अर्ध्या तासाला एकदा बार घालायला उठावं लागेल. कागदावरचे तासाला ५७० नग आणि दिवसअखेर डब्यात पडलेले नग यांत जी तफावत येते, तिचं मोठं कारण हेच.

प्रश्न : मायक्रोमीटरनं नग बरोबर येतात, पण जोडताना भोकात अडकतात. मशीन झिजलंय का?

उत्तर : आधी बार तपासा, मशीन नंतर.

तुमचे नग बहुधा तीन पाकळ्यांचे येताहेत. असा आकार दोन सपाट तोंडांच्या मायक्रोमीटरला कुठूनही मोजा, सारखाच व्यास दाखवतो. भोक मात्र फसत नाही. नग व्ही-ब्लॉकमध्ये (व्ही आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यात) ठेवा, वर डायल लावा आणि नग सावकाश फिरवा. एका फेरीत सुई तीनदा वर-खाली गेली की निदान झालं. ६० अंशांचा व्ही-मायक्रोमीटर असेल तर आणखी सोपं.

हे येतं कुठून? सेंटरलेस ग्राइंड केलेला (केंद्रांत न धरता घासून गोल केलेला) बार स्वतःच तीन पाकळ्यांचा असू शकतो. स्विस ऑटोमध्ये बारच बेअरिंगचं काम करतो. त्याची पाकळी बुशला टेकली की सेंटर सरकतो, आणि टूल ती चूक इमानेइतबारे जॉबवर उतरवतं. कच्च्या बारवरच व्ही-ब्लॉकची चाचणी करा. बार गोल निघाला तरच गाइड बुश, मग स्पिंडलचं बेअरिंग, या क्रमानं पुढे जा.

बार घेताना टॉलरन्स, म्हणजे व्यासात किती फरक चालतो ते, विचारा. ६ मि.मी. बारला एच-९ म्हणजे ३० मायक्रॉनची मोकळीक, एच-७ म्हणजे १२, एच-६ म्हणजे ८. ओढून काढलेला एच-९ चा बार बुशमध्ये एका टोकाला घट्ट आणि दुसऱ्या टोकाला सैल होतो. बुशचा नट अशा बेतानं लावा की बार दोन बोटांनी सरकेल पण डुलणार नाही. फार आवळलात तर बार बुशमध्ये ओरखडतो आणि पितळ बुशला चिकटतं. सैल सोडलात तर नगाच्या सुरुवातीला व्यास वेगळा आणि कापताना थरथर.

नग एका टोकाला बारीक येत असेल तर साध्या लेथसारखा टेलस्टॉक (जॉबचं दुसरं टोक धरणारा भाग) सरकवून काही होणार नाही, कारण इथे टेलस्टॉकच नाही. कापत असताना टूल ज्या कॅमवर थांबलेलं असतं, त्याचा तो भाग खरा वर्तुळाचा तुकडा आहे का ते पाहा. ३ ला १ लिव्हरवर कॅममधली ०.०३ ची चूक टूलपाशी ०.०१ होते आणि व्यासात ०.०२ दिसते. मऊ ऑइलस्टोननं दोन-चार हात फिरवून ती निघते. फाइल मात्र लावू नका.

माप सकाळी एक आणि दुपारी एक येत असेल, तर तो उष्णतेचा खेळ आहे. १०० मि.मी. लोखंड १० अंशांनी तापलं की ११-१२ मायक्रॉन वाढतं. अर्धा-पाऊण तास मशीन चालू ठेवून मगच माप लावा आणि जेवणाच्या सुट्टीतही स्पिंडल बंद करू नका.

लांबी मागे-पुढे होत असेल तर कॉलेट निसटतंय किंवा बार परत उडतोय. पार्टिंग टूल नग कापल्यावर तिथेच थांबतं आणि पुढच्या बारला अडसर होतं. वजन बारला त्याच्यावर आणून टेकवतं. वजन जास्त असेल तर बार आपटून उडतो, कमी असेल तर टेकतच नाही.

प्रश्न : या मशीनचं स्पिंडल उलटं फिरत नाही. मग पाडलेल्या आट्यांवरून डाय (आटे पाडणारं टूल) बाहेर कशी येते?

उत्तर : स्पिंडल उलटं फिरवायची गरजच नसते. डायही बारच्याच दिशेनं फिरते, फक्त वेगळ्या गतीनं. बार ४००० वर असेल आणि डाय ४८०० वर, तर डायच्या नजरेनं बार मिनिटाला ८०० फेऱ्या घेतोय, आणि आटे पडत जातात. डाय ३२०० वर उतरवली की फरक तोच ८०० पण उलट्या दिशेचा, आणि डाय बाहेर येते. पुढे निघून जाऊन आटे पाडायचे की मागे राहून, हे मशीनच्या फिरण्याच्या दिशेवर आणि आटे उजवे की डावे यावर ठरतं.

एम-२, म्हणजे २ मि.मी. व्यासाच्या स्क्रूचा, पिच (लगतच्या दोन आट्यांमधलं अंतर) ०.४ मि.मी. ४ मि.मी. लांबीला १० फेऱ्या, ८०० च्या फरकाला पाऊण सेकंद. कापण्याचा वेग मिनिटाला ५ मीटर पडतो. डाय स्थिर ठेवून ४००० वर आटे पाडले असते तर तो २५ झाला असता, आणि डाय दुपारपर्यंत टिकली नसती.

दोन चुका नेहमी होतात. पहिली, बार नेमका २.०० मि.मी. ठेवणं. आटे पडताना धातू वर फुगतो, म्हणून १.९३ ते १.९५ वर घ्या. दुसरी, कॅमचा चढ पिचच्या बरोबर काढणं. चढ पाचेक टक्के कमी ठेवा आणि डायहोल्डर पुढे-मागे मोकळा तरंगता हवा. पहिला आटा धरला की डाय स्वतःच स्वतःला ओढून नेते. कॅमनं तिला ढकललं तर आट्याची एक बाजू तासली जाते आणि आटे तपासायचा गेज डुलतो.

प्रश्न : कापलेल्या नगाच्या मध्यभागी बारीक टोक उरतं.

उत्तर : पार्टिंग टूल सेंटरच्या खाली किंवा वर आहे. उंची बरोबर असूनही उरत असेल तर धार किंचित तिरकी घासा, नगाच्या बाजूचा कोपरा पुढे येईल असा. टोक मग बारच्या बाजूला राहतं आणि पुढच्या नगाच्या वेळी कापलं जातं. फार तिरकी केली तर टूल वाकतं आणि नगाचा चेहरा बशीसारखा होतो.

प्रश्न : साबणपाणी चालेल का? तेल फार महाग पडतं.

उत्तर : नाही. जुन्या ऑटोत कापण्याचं तेल आणि स्लाइडचं तेल एकमेकांत मिसळणारच, तशीच रचना आहे. पाण्याचं मिश्रण स्लाइडमध्ये गेलं की दोन महिन्यांत गंज. व्हीजी (तेलाच्या घट्टपणाचा आकडा) १० ते २२ चं पातळ कटिंग ऑइल वापरा. पितळ आणि तांब्याच्या कामाला सक्रिय गंधक असलेलं तेल टाळा, नग काळे पडतात आणि मशीनमधले ब्राँझचे बुशही. स्टीलला तेच तेल चांगलं, म्हणून दोन्ही धातू आलटून-पालटून करणाऱ्यांनी गंधक नसलेलंच ठेवावं. पातळ तेलाचं धुकं पेट घेतं, झाकण लावूनच मशीन चालवा.

प्रश्न : थ्री-फेज वीज नाही. इन्व्हर्टर ड्राइव्ह (सिंगल-फेजवर थ्री-फेज मोटर चालवणारं साधन) लावला तर गतीही बदलता येईल ना?

उत्तर : येईल, पण आधी पट्टे कुठून कुठे जातात ते बघा. एकाच मोटरवर स्पिंडल आणि कॅमशाफ्ट दोन्ही असतील, तर मोटर हळू केल्यावर दोन्ही सारख्या प्रमाणात हळू होतात, दर फेरीचा फीड तोच राहतो. सेटिंगच्या वेळी हे फार सोयीचं. कॅमशाफ्टला वेगळी मोटर असेल आणि तुम्ही फक्त स्पिंडल निम्म्यावर आणलं, तर दर फेरीचा फीड दुप्पट होतो आणि बारीक ड्रिल पहिल्याच नगात तुटतं. मोटरच्या पाटीवर व्होल्टेज आणि जोडणी वाचा. सिंगल-फेजवरचा छोटा ड्राइव्ह २२०-२३० व्होल्टच देतो, त्यामुळे मोटर त्या व्होल्टेजला डेल्टात (तिन्ही वाइंडिंग त्रिकोणात) जोडता येते का ते आधी ठरवा. फार कमी गतीवर मोटरचा पंखा काम करत नाही, मोटर तापते.

प्रश्न : मला छंद म्हणून एकेक सुटे भाग करायचेत. अचूकता हवी, म्हणून स्विस ऑटो घेतोय.

उत्तर : घेऊ नका. एका नगासाठी कॅमचा संच काढणं, टूल लावणं आणि माप बसवणं यात एक दिवस सहज जातो. हे मशीन हजारो एकसारख्या नगांसाठी आहे. तिथे आजच्या सीएनसीलाही (संगणकावर चालणाऱ्या मशीनलाही) साध्या पिनेत त्याला मागे टाकणं सोपं नाही, कारण कॅमवर दोन-तीन हालचाली एकाच वेळी चालतात. पण नग बदलला की सीएनसी तासाभरात तयार, आणि कॅमवाल्याची पुन्हा सकाळपासून सुरुवात.

तुम्हाला टूलरूम लेथ हवा आहे. शाउब्लिन १०२ किंवा हार्डिंज एचएलव्ही-एच यांसारखा. दोन्ही हातानं चालवायचे, दोन्ही कॉलेटवर काम करणारे. शाउब्लिनची डब्ल्यू-२० कॉलेट २० मि.मी. अंगाची, हार्डिंजची ५-सी ३१.७५ मि.मी.ची, आणि ५-सी शोधायला जास्त सोपी. शाउब्लिनच्या नावातला १०२ हा आकडा मात्र बारचा नाही, ती मि.मी.मधली सेंटरची उंची, म्हणजे बेडपासून (लेथच्या पायाच्या पट्ट्यांपासून) स्पिंडलच्या मध्यापर्यंतची, आहे. स्पिंडल, स्लाइडचा मधला भाग आणि सोबतच्या पेट्या यांची तपासणी वर सांगितली तशीच करा, फक्त झीज इथे हेडस्टॉकजवळच्या बेडवर शोधा.